कर्तेपण कुणाकडे

वेदगंगेच्या काठाला उभे राहा. साल १९१९. ज्येष्ठातली काहिली आहे, मृग निघायला चार दिवस उरलेत, आणि नदीची धार एवढी बारीक झालीय की म्हसरं मधोमध बसली तरी त्यांची पाठ कोरडी राहते. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. मुरगूड कोल्हापूर संस्थानातलं, कागल जहागिरीतलं गाव. घरची आठ एकर जमीन आहे, त्यातली नदीकाठची मळी चांगली, बाकीचा माळ. घरात अकरा माणसं जेवतात आणि त्या अकरांत एकच माणूस बोलतो. ते तुमचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणतात.

आज आठवडी बाजारात एक बातमी पुन्हा ऐकलीय. शाहू महाराजांच्या दरबारानं दोन वर्षांपूर्वी, १९१७ साली, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत धाडलं नाही, तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. महाराज मूळचे इथल्याच कागलच्या घाटग्यांचे, १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले. त्यामुळं बाजारात त्यांच्याविषयी बोलतात ते घरच्या माणसाविषयी बोलावं तसं, अभिमानानंही आणि कुरकुरीनंही.

तुमचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. रात्री भाकरी मोडताना तुम्ही धीर करून विषय काढता. आबा मान वर न करता विचारतात, "आणि म्हसरं कोण राखायची? तुझा मास्तर?"

तुम्ही गप्प बसता. आज या गप्प बसण्याला लोक संस्कार म्हणतील, धाक म्हणतील. पण त्या घरात राहून बघा. पेरणी कधी करायची हे आबांना कळतं. मृग कोरडा गेला तर आर्द्रापर्यंत थांबायचं की धूळवाफ पेरायची, हे ते चाळीस पावसाळे बघून शिकलेत. सावकार ओळखतो तो त्यांना. बैलाच्या दाताला हात लावून वय सांगतात ते. तुमचं पुढचं सगळं आयुष्य ज्या गोष्टींवर उभं राहणार, त्या सगळ्या त्यांच्या डोक्यात आहेत आणि दुसरीकडं कुठंही लिहिलेल्या नाहीत. म्हाताऱ्याला मान मिळतो, कारण त्याच्यावाचून भागत नाही. तरुणांनी हे विसरू नये आणि म्हाताऱ्यांनी तर मुळीच विसरू नये. मान आधी ज्ञानाचा होता, वयाचा नंतर झाला.

तो एक रुपया मात्र या व्यवस्थेत पहिल्यांदा बाहेरून आलेला आहे. आबांना राग शाळेचा नाही. पोटच्या पोरानं काय करायचं हे बापाऐवजी दरबार ठरवणार, याचा तो राग आहे.

त्याच वर्षी, ४ मे १९१९ रोजी, चीनमध्ये पेकिंगच्या रस्त्यावर हजारो विद्यार्थी उतरले होते. निमित्त व्हर्सायच्या तहाचं होतं, शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानला दिले म्हणून. पण त्या चळवळीची धग थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. थोरल्यांनी सांगायचं, धाकट्यांनी ऐकायचं, या दोन हजार वर्षांच्या शिकवणीला तरुण जाब विचारू लागले. लू शुन या लेखकानं त्याच वर्षी बाप कसा असावा यावर निबंध लिहिला. मुलांना मोकळं करणं हे बापाचंच काम आहे, असं त्याचं म्हणणं होतं. याच लू शुनचं लग्न १९०६ साली त्याच्या आईनं ठरवलं होतं आणि ते त्यानं निमूटपणे केलं होतं. मोकळं करा असं सांगणारा माणूस स्वतः बांधलेला होता, म्हणून त्याच्या शब्दांना वजन आहे.

मुरगुडात तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की, पुढच्या वर्षी धाकटा भाऊ शाळेत गेला. आबा म्हणाले, दंड परवडत नाही. ते खरं नव्हतं हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

आता तेवीस वर्षं पुढं या. डिसेंबर १९४२, थंडीची रात्र. तुम्ही पुन्हा तरुण आहात, वीस वर्षांचे, पण आता तुम्ही त्या एकोणीस वर्षांच्या तरुणाचा मुलगा आहात. भावाभावांत वाटणी होऊन आठाचे चार एकर झालेत. तुमच्या बापानं तुम्हाला शाळेत घातलं ते दंडाच्या भीतीनं नाही, स्वतःच्या हौसेनं. पोरगं पेपर वाचून दाखवतं, याचं त्याला कोण कौतुक! पारावर बसून चार जणांना ऐकवायला लावायचा. त्याच पेपरातून तुमच्या घरात गांधी आले, 'चले जाव' आलं.

नदीच्या वरच्या अंगाला गारगोटी आहे. तिथल्या कचेरीवर जायचं ठरलंय, हे तुमच्या कानावर आलंय. तुम्ही घोंगडं पांघरून पडलाय, पण पायात वहाणा आहेत. वडील उंबऱ्यात बसलेत. चंची उघडतात, मिटतात. काही विचारत नाहीत आणि हलतही नाहीत. पहाटेपर्यंत ते तिथंच बसून होते.

१३ डिसेंबरच्या त्या रात्री गारगोटीच्या कचेरीवर सात जण हुतात्मा झाले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि त्यांचे साथी. त्या सातांत तुमच्याच गावचे तुकाराम भारमल होते. आज मुरगुडात हुतात्मा तुकाराम चौक आहे, तिथून रोज माणसं जातात-येतात.

तुमचा बाप बरोबर ठरला. म्हणूनच तुम्ही त्याला कधी माफ केलं नाही. घरातल्या भांडणांविषयी लिहिणारे बहुतेक जण कोण चूक आणि कोण बरोबर हे शोधत बसतात. माझं मत वेगळं आहे. थोरले चुकतात तेव्हा धाकटे त्यांना सोडून देतात, हसून विसरतातही. थोरले बरोबर ठरतात आणि त्यांच्या बरोबर असण्यानं धाकट्याचं काहीतरी हुकतं, ती अढी मात्र चाळीस वर्षं टिकते. आणि ज्या शाळेनं तुम्हाला त्या रात्री वहाणा घालायला लावल्या, त्या शाळेत बापानंच घातलं होतं.

जून १९८३. या मुक्कामी जरा थांबावं लागेल.

तुम्ही एकतीस वर्षांचे आहात. महालक्ष्मी एक्सप्रेसनं कोल्हापूर आणि तिथून एस.टी.नं मुरगूड. हातात दोन ट्रंका, मागं बायको, तिच्या काखेत पाच वर्षांची मुलगी, बोटाला धरलेला सात वर्षांचा मुलगा. बारा वर्षांपूर्वी याच स्टँडवरून तुम्हाला वडिलांनी मुंबईला घालवलं होतं. तेच ते, वहाणा घालून पडून राहिलेले. म्हणाले होते, "चार एकरांत दोघं भाऊ मावत न्हाईसा. एकानं मुंबई धरा." थोरल्यानं शेती धरली, तुम्ही गिरणी. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत एक कोपरा, तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीनं झोपणारी. नंतर लग्न झाल्यावर करी रोडला पागडीची खोली. दर महिन्याला मनिऑर्डर.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागं मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवलं. संप मागं घेतल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर कोल्हापूर, सातारा, कोकणातल्या हजारो घरांची महिन्याची मनिऑर्डर विरली. दीड वर्ष तुम्ही तग धरलात. भाजीची हातगाडी लावली, बायकोनं पापड लाटले. मग परतलात.

पहिले आठ दिवस कुणी काही बोललं नाही. नवव्या दिवशी तुम्ही जेवताना विचारलं, "आण्णा, मी बारा वर्षं पैसं धाडलं. त्याचं काय झालं?"

ताटावरचे सगळे हात थांबले.

विचारू नये असं काही नव्हतं त्यात. तुमच्या पैशानं विहीर खोल झाली होती, इंजिन आलं होतं, नदीवरून पाइपलाइन आली होती. माळाला ऊस झाला होता. बिद्रीच्या साखर कारखान्याचा शेअर घेतला होता, तो वडिलांच्या नावानं. थोरल्या भावाच्या पोरीचं लग्न झालं होतं. उडवलं कुणीच नव्हतं. पण लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं, आणि त्या सगळ्यांत तुमचं काय, याला उत्तर नव्हतं.

"घरात हिशेब मागतोयास?" वडील म्हणाले. "बापाला?"

मी जे मुळाशी जाऊन समजून घ्यायचं म्हणतो, ते भांडण हेच. एकत्र कुटुंबाचा सगळा कारभार हिशेब न ठेवण्यावर चालतो. ज्याला जेवढं जमेल तेवढं घालायचं, ज्याला जेवढं लागेल तेवढं घ्यायचं, आणि मोजायचं कर्त्यानं मनातल्या मनात. फार मोठी, फार सुंदर कल्पना आहे ही. तिच्यावर कितीतरी अनाथ पोरं, विधवा, आजारी माणसं जगली. पण गिरणीनं तुम्हाला बारा वर्षं दर महिन्याला पगाराचं पाकीट दिलं होतं, त्यावर तुमचं नाव आणि खाडे लिहिलेले असायचे. पाकिटाची सवय झालेल्या माणसाला मनातल्या मनातला हिशेब पुरत नाही. वडिलांना तुमचा प्रश्न कृतघ्न वाटला, तुम्हाला त्यांचं उत्तर लबाड वाटलं. दोघंही दोन वेगळ्या जगांतल्या नियमांना प्रामाणिक होते.

बायकोचं दुखणं आणखी वेगळं. मुंबईत पगार तिच्या हातात यायचा. आता साबणाच्या वडीसाठी सासूबाईंकडं मागावं लागतं. सासूबाई देतात, नाही असं नाही. पण "परवा तर दिली होती की," एवढं म्हणून देतात. सहा महिन्यांनी बायकोनं गळ्यातला सोन्याचा सर मोडला आणि म्हैस घेतली. गावच्या दूध संस्थेत दूध घालायला लागली. ते दूध गोकुळला जायचं, १९६३ साली सुरू झालेल्या कोल्हापूरच्या जिल्हा दूध संघाला. दर दहा दिवसांनी बिल. संस्थेतल्यानं पुस्तकावर कुणाचं नाव घालू म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सासऱ्याचं सांगितलं नाही आणि तुमचंही सांगितलं नाही. स्वतःचं सांगितलं.

महिन्याभरात चूल वेगळी झाली. म्हशीमुळं झाली असं गाव म्हणालं. खरं तर दहा दिवसांच्या त्या बिलामुळं झाली. उसाचे पैसे वर्षाकाठी येतात आणि सातबारावर ज्याचं नाव त्याला मिळतात. दुधाचे पैसे दहा दिवसांनी येतात आणि धार काढणाऱ्या बाईला मिळू शकतात. या जिल्ह्यातल्या सासू-सुनांच्या आणि बाप-लेकांच्या नात्यात जे बदललं, त्यातलं बरंचसं या फरकानं बदललंय असं मला मनापासून वाटतं. सिनेमाला आणि कॉलेजला उगीच फार दोष देतो आपण.

वाटणीत तुमच्याकडं दोन एकर आले. ऐंशी गुंठे.

२००९ सालावरून पटकन जाऊ. मुरगूडचे खासदार सदाशिवराव मंडलिक तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेत. त्यांच्या पक्षानं लोकसभेचं तिकीट तरुण उमेदवाराला दिलं, संभाजीराजे छत्रपतींना, जे अडतीस वर्षांचे होते. मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं त्या दिवशी जरा ताठ मानेनं चहा प्याला. घराघरांतला प्रश्न त्या वर्षी अख्ख्या मतदारसंघानं मतदानातून सोडवला. बाजूला व्हायची वेळ कुणी ठरवायची, ज्याला व्हायचंय त्यानं की ज्यांना त्याची जागा हवीय त्यांनी?

२०१२. आता तुम्ही बाई आहात. चौतीस वर्षांच्या. तीच ती, आईच्या काखेत बसून मुंबईहून आलेली मुलगी. वडील गेले, बारावं झालं. पाहुणे पांगले. आईनं तुम्हाला माजघरात बोलावलं, तीच आई जिनं दुधाच्या पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं होतं. तलाठ्याकडं वारसनोंद करायची आहे. भावानं कागद आणलाय. हक्कसोडपत्र.

तुम्हाला कायदा ठाऊक आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, त्या वेळी ज्यांचं लग्न झालेलं नव्हतं त्यांना. तुम्ही तेव्हा सोळा वर्षांच्या होता, शाळेत. २००५ साली तो हक्क सगळ्या देशाला मिळाला. आईनं तिचा हिस्सा तुम्हा दोघांत सोडला, तर चाळीस गुंठे तुमचे आहेत.

"माहेर तुटायला नको, बाय," आई म्हणते. "आडीनडीला भाऊच येणार."

ती धमकी देत नाही. तिला खरंच भीती वाटतेय. तिनं आयुष्यभर बघितलंय की, हिस्सा मागणाऱ्या बहिणीला दिवाळीचं बोलावणं येत नाही. जे तिनं सासरी भांडून घेतलं, ते लेकीनं माहेरी मागू नये असं तिला वाटतं, आणि यात काही विसंगती आहे हे तिच्या मनाला शिवतही नाही. तुम्ही भावाकडं बघता. तो खाली बघतोय. तुम्ही सही करता.

आता आजच्या दिवसात या. तुम्ही तो भाऊ आहात.

पन्नाशीला आलाय. हे वय या प्रवासात पहिल्यांदाच तुमच्या वाट्याला येतंय. आतापर्यंत प्रत्येक मुक्कामी तुम्ही तरुण होता, जाब विचारणारे होता. आता जाब द्यायचाय. मुलगा पुण्यात आहे, हिंजवडीला नोकरी. त्याच्या इंजिनिअरिंगसाठी तुम्ही कर्ज काढलंत, दहा वर्षं त्याला उसाच्या पाल्याला हात लावू दिला नाहीत. "शिक, शेतात मरू नगोस," असं तुम्ही स्वतः म्हणालात, शंभरदा म्हणालात. आणि परवा तुमच्याच तोंडून निघालं, "शेताकडं बघायचं कुणी?" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत. पोरगं दुसरं वाक्य ऐकतं आणि चिडतं, कारण पहिलं त्यानं मनापासून पाळलंय.

मुलगी गावातच आहे. सदाशिवराव मंडलिकांच्या नावाचं कुस्ती संकुल मुरगुडात आहे, तिथं मुली मॅटवर सराव करतात. तीही जाते. पहिल्यांदा केस कापून आली तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. सत्तरी ओलांडलेली तुमची आई मात्र दुधाच्या बिलातून तिच्या बदामाचे पैसे देते. कुणाला न विचारता. जुनी पिढी म्हणजे अडवणारी आणि नवी म्हणजे मोकळी, असं ज्यांना वाटतं त्यांनी या घरात एक सकाळ काढावी.

मुलाचं लग्न जमत नाहीये. स्थळं येतात ती एकच गोष्ट विचारतात, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का. गावात राहिलेल्या त्याच्या मित्रांना तर स्थळंच येत नाहीत. मुलीच्या बापाला जावयाची शेती हवी असते, शेतकरी जावई नको असतो. चीनमध्येही हेच चाललंय. तिथं लग्नाआधी मुलाकडच्यांनी घर घ्यावं अशी अपेक्षा असते आणि आई-बाप आयुष्याची पुंजी त्या घरात ओततात. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये दर शनिवार-रविवारी आई-बाप आपल्या मुलामुलींची माहिती लिहिलेले कागद उघडलेल्या छत्र्यांवर लावून बसतात, वय, शिक्षण, पगार, घर. पोरांना अनेकदा पत्ताही नसतो, कळलं की संताप होतो. एकुलत्या एका मुलाच्या धोरणात वाढलेली ती पिढी आहे. दोन आई-बाप, चार आजी-आजोबा आणि त्या सगळ्यांच्या आशा एकाच पोरावर. पैसा आई-बापाचा लागला की निर्णयही त्यांचाच व्हायला बघतो.

आणि म्हातारपणाची भीती दोन्हीकडं कायद्यात उतरलीय. आपल्याकडं २००७ च्या कायद्यानं आई-बाप मुलाविरुद्ध प्रांताकडं अर्ज करू शकतात, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि सांभाळायच्या अटीवर लिहून दिलेली जमीन मुलानं सांभाळलं नाही तर परतही मागता येते. चीननं १ जुलै २०१३ पासून मुलांनी आई-बापाला वरचेवर भेटायला जावं असंच कायद्यात लिहिलं. त्याच महिन्यात वूशी शहरातल्या कोर्टानं एका मुलीला हुकूम दिला, सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला दोन महिन्यांतून एकदा तरी भेटायला जायचं. त्या आईला मुलगी भेटायला आली असेल तेव्हा दोघी काय बोलल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही.

आज रात्री मुलाचा फोन आलाय. मुद्दा नेहमीचाच. माळाकडचे चाळीस गुंठे विकायचे आणि फ्लॅटचं डिपॉझिट भरायचं. तुम्ही फोन स्पीकरवर टाकलाय कारण हात ओले आहेत. आई चुलीशी, मुलगी कोपऱ्यात पायाला पट्टी बांधत बसलीय.

तुम्ही सांगता, "विकायचं न्हाई. मी तलाठ्याला विचारून आलोय. जित्तेपणीच वाटणी करून टाकतो. चाळीस तुझ्या नावावर, चाळीस तुझ्या बहिणीच्या."

पलीकडं शांतता. मग, "पप्पा, तिचं लग्न होणार. तिच्या नावावर कशाला? ती कधी मागतेय का?"

पंचवीस वर्षांचा, शिकलेला, जगभरच्या माणसांबरोबर काम करणारा मुलगा हे बोलतोय. मुलीनं पट्टी बांधायची थांबवलीय.

"मागितलं न्हाई म्हणून द्यायचं न्हाई, असं हाय का?" तुम्ही म्हणता. "तुझ्या आत्तीनं सही केली तवा मी गप बसलो. त्येच मला लागून राहिलंय."

"मग आत्तीचं परत द्या की आधी," तो म्हणतो. आवाज चढलेला नाही. "तुमच्या वाट्यातनं. माझ्या वाट्यातनं कशाला देताय?"

चुलीशी बसलेल्या आईनं मान वर केलीय. २०१२ साली माजघरात तीच बोलली होती, आज ती काहीच बोलत नाही. बहिणीला परत द्यायचं तर बक्षीसपत्र करावं लागेल, मुद्रांक लागेल, आणि ऐंशीतले चाळीस गेले तर उरलेले चाळीस दोन पोरांत वीस-वीस होतील. वीस गुंठ्यांना ना पुण्यात फ्लॅट मिळतो, ना गावात संसार चालतो. पण पोरगं चुकीचं बोललेलं नाही.

"पप्पा? हाय का लाइनवर?"

"हाय," तुम्ही म्हणता. "रविवारी ये. तुझ्या आत्तीला पण बोलावतो. तिच्यासमोर बोल हे."